शहर पोलीस दलात शिपाई व्हायचे आहे: आयुक्तालयांच्या भरतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा शहरांच्या पोलीस आयुक्तालयांत शिपाई म्हणून भरती होऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी ही उत्तरे आहेत. २०२२ मध्ये भरतीचे नियम बदलले. तेव्हापासून आधी मैदानी चाचणी आणि मग लेखी असा क्रम आहे, आणि इथले आकडे त्याच नियमांनुसार दिले आहेत. तुम्ही ज्या भरतीत उतरणार आहात तिच्या जाहिरातीत वेगळे काही छापले असेल, तर जाहिरातीचाच शब्द खरा धरा. ती शेवटच्या पानापर्यंत वाचा. भरतीतून बाद होणाऱ्यांत अंगात दम नसलेले जितके असतात, तितकेच जाहिरात न वाचलेलेही असतात.

शहर पोलीस आणि जिल्हा पोलीस यांत फरक काय?

जिल्ह्याचे पोलीस दल पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली असते, तर मोठ्या शहरांचे पोलीस आयुक्तांच्या. आयुक्तालयात जमावबंदीसारख्या काही बाबतींतले दंडाधिकाऱ्याचे अधिकारही आयुक्तांकडे असतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर वसई-विरार, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, अमरावती आणि नागपूर ही शहर आयुक्तालये. मुंबई लोहमार्ग पोलिसांचे आयुक्तालय वेगळे आहे. पिंपरी-चिंचवड २०१८ मध्ये सुरू झाले आणि मीरा-भाईंदर वसई-विरार २०२० मध्ये.

भरतीच्या भाषेत यातल्या प्रत्येकाला ‘घटक’ म्हणतात. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण हे तीन वेगळे घटक आहेत. अर्ज भरताना यादीत ‘पुणे’ दिसले की पहिल्याच नावावर टिचकी मारणारे उमेदवार दर भरतीत असतात. अर्ज एकदा सादर झाला की ही चूक मागे घेता येत नाही.

शिपाई, फौजदार, आयपीएस: कोणती वाट माझी?

बारावी झाली असेल तर पोलीस शिपाई, आणि वाहन परवाना असेल तर चालक शिपाईही. पदवी असेल तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अराजपत्रित गट-ब संयुक्त परीक्षेतून थेट पोलीस उपनिरीक्षक म्हणजे फौजदार होता येते. त्यासाठी खुल्या प्रवर्गाला वय १९ ते ३१, मागासवर्गीयांना ३४ पर्यंत. उंची पुरुषांना १६५ आणि महिलांना १५७ सेंमी लागते. आयपीएस ही संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा, तिची तयारीच निराळी.

पदवीधरांनी शिपाईभरती टाळावी असे आमचे मत नाही. नोकरी हाती असताना आयोगाची तयारी करणारे कितीतरी शिपाई आहेत. मात्र शहरातल्या ड्युटीच्या वेळा सांभाळून अभ्यास करणे सोपे नसते, हे आधीच धरून चाला.

शिपाईपदासाठी शिक्षण आणि वय किती लागते?

बारावी किंवा शासनाने समकक्ष ठरवलेली परीक्षा उत्तीर्ण हवी. बँडपथकातल्या पदांना दहावी चालते. वय खुल्या प्रवर्गाला १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. चालक पदाला किमान वय १९. खेळाडूंना कमाल वयात ५ वर्षांची सूट आहे. माजी सैनिकांना सैन्यात काढलेली वर्षे अधिक ३ असा हिशेब लागतो, तर प्रकल्पग्रस्त व भूकंपग्रस्तांना ४५ पर्यंत अर्ज करता येतो.

वय कोणत्या तारखेला मोजायचे ती तारीख जाहिरातीत छापलेली असते. त्या एका तारखेवर संधी राहते किंवा जाते, म्हणून वाढदिवस तिच्या आगेमागे असेल तर दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख समोर ठेवून हिशेब करा. भरती लांबल्यामुळे वय उलटलेल्यांना शासन कधीकधी सूट देते. २०२२ आणि २०२३ मध्ये मर्यादा ओलांडलेल्यांना २०२५ च्या भरतीत अशी एकवेळची सूट मिळाली होती. ती प्रत्येक वेळी मिळेल असे धरू नका.

उंची आणि छाती यांत काठावर आहे. काय करू?

शिपाईपदाला पुरुषांची उंची किमान १६५ सेंमी आणि महिलांची १५५ सेंमी लागते. चालक पदाला महिलांना १५८, राज्य राखीव दलाला पुरुषांना १६८. माणूस सकाळी थोडा उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत साधारण सेंटिमीटरभर बुटका होतो. त्यामुळे संध्याकाळी घरच्या भिंतीवर १६४.५ भरले म्हणून लगेच नाद सोडू नका. सकाळी, अनवाणी, टाचा आणि डोके भिंतीला टेकवून दुसऱ्याकडून मोजून घ्या.

छातीचे माप फक्त पुरुषांचे घेतात. न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवून किमान ५ सेंमी वाढ. इथे एक गैरसमज घट्ट बसला आहे: ‘फुगवून ८४ भरली की झाले.’ तसे नाही. ज्याची छाती न फुगवता ८२ आहे त्याला ८७ दाखवावी लागते. अंगापिंडाने मजबूत मुले नेमकी इथे अडकतात, कारण छातीचे स्नायू भरलेले असतात पण श्वासाचा फुगाव कमी पडतो. रोज दहा मिनिटे दीर्घ श्वसन करा, पट्टी लावून घ्यायची सवय करा, आणि माप घेताना खांदे वर उचलू नका. खांदे उचलले की मोजणारे माप पुन्हा घेतात आणि तोवर दम निघून जातो.

अर्ज किती ठिकाणी करता येतो?

एका पदासाठी एकाच घटकात. शिपाई म्हणून ठाण्यात, चालक म्हणून नागपुरात आणि राखीव दलाच्या एका गटात असे तीन अर्ज चालतात. शिपाईपदासाठी ठाणे आणि पुणे असे दोन अर्ज चालत नाहीत. दुसरा मोबाइल क्रमांक आणि दुसरा ईमेल वापरून दोन घटकांत अर्ज भरण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. पडताळणीत असे अर्ज सापडतात आणि उमेदवारी रद्द होते. गेल्या भरत्यांत शुल्क खुल्या प्रवर्गाला ४५० आणि मागास प्रवर्गाला ३५० रुपये होते, आणि ते प्रत्येक अर्जाला वेगळे भरावे लागते.

मग शहर कोणते निवडावे?

‘कटऑफ कुठे कमी लागेल’ एवढ्यावर शहर ठरवू नका. जागांचे आकडे दर भरतीत हलतात. मुंबईत २०२२-२३ च्या भरतीत शिपायांची ७,०७६ पदे होती, त्यापुढच्या भरतीत २,५७२. जागा वाढल्या की अर्जही तिकडेच धावतात, आणि गेल्या वेळचा कटऑफ या वेळी काहीच सांगत नाही. पाहायचे ते तुमच्या प्रवर्गातल्या आणि समांतर आरक्षणातल्या, म्हणजे प्रवर्गाच्या आत महिला, खेळाडू, माजी सैनिक, होमगार्ड अशांसाठी राखीव ठेवलेल्या जागा. एकूण जागा पाचशे असतील, पण तुमच्या रकान्यात सहा असतील तर तुमची स्पर्धा त्या सहांसाठी आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. शिपायाची ज्येष्ठता त्याच्या घटकातच मोजली जाते. जिथे भरती झालात तिथेच बहुतेक सगळी नोकरी काढायची, हे मनाशी धरून शहर निवडा. मुंबईत घर महाग पडते आणि रोजचे तीन तास लोकलच्या प्रवासात जातात. सोलापूर किंवा अमरावतीत खर्च कमी, पण जागाही थोड्या. लग्न झालेले असेल, आईवडील गावी असतील, तर हा विचार अर्जाआधी घरच्यांबरोबर बसून करा.

कागदपत्रांत लोक नेमके कुठे अडकतात?

तारखांमध्ये. बहुतेक प्रमाणपत्रे अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत मिळालेली असावी लागतात. ग्राउंडच्या म्हणजे मैदानी चाचणीच्या आदल्या आठवड्यात सेतू केंद्रात काढलेले प्रमाणपत्र कितीही खरे असले तरी उपयोगाचे नसते. भरतीची बातमी आली की त्याच दिवशी फाइल करायला घ्या.

त्यात हे असू द्या: दहावी-बारावीची गुणपत्रके व प्रमाणपत्रे, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास म्हणजे डोमिसाईल, जातीचे प्रमाणपत्र, लागू असेल तर जात वैधता, नॉन क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, आधार आणि अर्जात लावलेल्याच फोटोच्या प्रती. समांतर आरक्षण मागितले असेल तर त्याचा पुरावा वेगळा. होमगार्डसाठी ३ वर्षे म्हणजे १,०९५ दिवसांच्या सेवेचे प्रमाणपत्र लागते. खेळाडूंनी नुसते स्पर्धेचे प्रमाणपत्र आणू नये, क्रीडा विभागाकडून त्याची पडताळणी झालेली हवी.

नॉन क्रिमीलेअर सगळ्यात जास्त उमेदवारांना रडवते. ते ठरावीक आर्थिक वर्षांपुरतेच वैध असते आणि कोणत्या तारखेचे चालेल हे जाहिरातीत दिलेले असते. इतर मागास, विमुक्त-भटक्या, विशेष मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास या प्रवर्गांतल्या उमेदवारांनी घरातले जुने प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नये, त्यावरची तारीख आजच पाहावी. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी पूर्वी ते लागत असे, २०२३ मध्ये ती अट काढली.

जात वैधता हाती नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती जपा. नेमणूक झाली तरी ती वैधता मिळण्याच्या अधीन राहते, म्हणून निवड यादीची वाट न पाहता तो अर्ज आधीच करून ठेवा.

नावातले फरक हा तिसरा खड्डा. दहावीला ‘ज्ञानेश्वर’, आधारला ‘दन्यानेश्वर’. वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षर. आधार दुरुस्त करायला वेळ लागतो, ते आधी करा. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत ठेवावी. आणि अर्ज दहावीच्या कागदावरच्या नावानेच भरावा.

लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर उमेदवार अपात्र ठरतो.

मी महाराष्ट्राबाहेरचा मराठी भाषिक आहे. अर्ज करता येईल का?

महाराष्ट्राचा अधिवास हवा. अपवाद कर्नाटक सीमेवरच्या ८६५ गावांचा: तिथले मराठी भाषिक महाराष्ट्र शासनाच्या सेवेसाठी पात्र धरले जातात, त्यांनी ठरलेल्या नमुन्यात १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला द्यायचा असतो. गोव्याचा अधिवास असलेल्यांनी गोवा पोलिसांची स्वतंत्र भरती पाहावी. मराठी वाचता, लिहिता, बोलता आलेच पाहिजे, लेखी परीक्षाही मराठीतच असते.

मैदानी चाचणीत काय काय असते?

एकूण ५० गुण. पुरुषांना १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर (१५) आणि गोळाफेक (१५). महिलांना ८०० मीटर (२०), १०० मीटर (१५) आणि गोळाफेक (१५). पैकीच्या पैकी गुणांसाठी पुरुषांना १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत, १०० मीटर ११.५० सेकंदांत आणि ७.२६० किलोचा गोळा ८.५० मीटर लागतो. महिलांना ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत आणि ४ किलोचा गोळा ६ मीटर. त्याखाली वेळेच्या आणि अंतराच्या पायऱ्या आहेत, पायरी चुकली की गुण दोन-तीनने पडतात. तृतीयपंथी उमेदवारांनाही अर्ज करता येतो.

१६०० मीटरला पूर्ण गुण कसे काढायचे?

आधी आकडा डोक्यात बसवा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १६०० म्हणजे चार राउंड. ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद, एका राउंडला साडेसत्याहत्तर. महिलांच्या ८०० ला दोन राउंड, प्रत्येकी ८५ सेकंद.

मुले हरतात ती पहिल्या राउंडमध्ये, जरी ते कळते तिसऱ्यात. शिट्टी वाजली की सगळा घोळका सुसाट सुटतो, पहिला राउंड अडुसष्ट-सत्तर सेकंदांत जातो, पायांत आम्ल साचते आणि तिसरा राउंड नव्वदच्या घरात जातो. सरासरी बिघडते ती तिथे. पहिला राउंड ७६ ते ७८ मध्ये काढा, दुसरा तसाच, तिसऱ्यात जोर लावून तेवढाच टिकवा आणि शेवटच्या दोनशे मीटरला उरलेले सगळे द्या. घोळका पुढे गेलेला बघून घाबरू नका. त्यातले बरेच जण तिसऱ्या राउंडला तुमच्या मागे असतील.

दुसरी चूक लेनची. आतली कड सोडून दुसऱ्या लेनमधून धावलात तर एका राउंडला साधारण साडेसात मीटर जादा पडतात. चार राउंडला तीस मीटर, म्हणजे या वेगाने जवळपास सहा सेकंद. सहा सेकंदांत पायरी बदलते. सुरुवातीच्या पन्नास मीटरनंतर आत या, वळणावर कुणाला ओलांडू नका, ओलांडायचे ते सरळ पट्ट्यावर.

सरावासाठी आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेगाने ४०० मीटरचे पाच-सहा राउंड, मधे दोन-तीन मिनिटे चालणे. एकदा ३०० मीटरचे जोरकस तुकडे. एकदा सहा-सात किलोमीटर सावकाश. उरलेले दिवस हलके धावणे किंवा आराम. रोज डांबरी रस्त्यावर घड्याळ लावून १६०० पळणारा उमेदवार महिनाभर सुधारतो, मग थांबतो आणि नडग्या धरून बसतो. नडगीच्या आतल्या कडेला बोट दाबून एकाच ठिकाणी कळ येत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरला दाखवा. तशीच पळत राहिलेली मुले हाडाला बारीक तडा पाडून घेतात आणि पूर्ण भरती घालवतात.

ग्राउंडवर छातीला किंवा पायाला चिप लावून वेळ मोजली जाते. चिपचा क्रमांक आणि तुमचा चेस्ट नंबर जुळतो ना, ते धावण्याआधी स्वतः पाहा.

१०० मीटरला वेळ सुधारत नाही.

वेळ बहुतेक सुरुवातीच्या तीस मीटरमध्ये सांडते. उभे राहून सुरुवात करताना दोन्ही पाय जवळ ठेवणे, शिट्टीनंतर एकदम ताठ होणे आणि शेवटच्या पाच मीटरला मान वळवून शेजाऱ्याकडे पाहणे, या तीन सवयी मोडा. ३० मीटरचे आठ-दहा तुकडे, प्रत्येकामध्ये पूर्ण विश्रांती, आठवड्यातून दोनदा. थकलेल्या पायांनी वेगाचा सराव होत नाही.

गोळा कॉलेजात चांगला जायचा, इथे का पडतो?

वजनामुळे. १८ वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत गोळा ५ किलोचा असतो, २० वर्षांखालील गटात ६ चा. भरतीत ७.२६०. सव्वा ते सव्वादोन किलोचा फरक मनगटाला आणि बोटांना पहिल्याच दिवशी जाणवतो. सराव त्याच वजनाच्या गोळ्याने करा.

गोळा तळहातावर ठेवू नका, बोटांच्या मुळाशी ठेवा, हनुवटीखाली मानेला टेकवा, कोपर बाहेर. तो ढकलायचा असतो. खांद्यामागे नेऊन चेंडूसारखा फेकला की फाउल होतो आणि कोपरही दुखावतो. ताकद मागच्या पायातून, कमरेतून वर येऊ द्या. फेक झाल्यावर तोल पुढे जाऊन वर्तुळाबाहेर पडणे हा सर्वांत सामान्य फाउल. बाहेर निघायचे ते वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून. पहिली फेक जपून करा, म्हणजे एक अंतर नावावर लागते. पावसात गोळा आणि हात दोन्ही पुसायला कोरडा पंचा जवळ ठेवा.

मला मैदानात २५ पेक्षा जास्त गुण आहेत, तरी लेखीला बोलावले नाही. का?

२५ गुण, म्हणजे ५० टक्के, हा पात्रतेचा उंबरठा आहे. तो ओलांडलेल्यांतून प्रत्येक प्रवर्गात पदांच्या दहापट उमेदवारांना लेखीला बोलावतात. तुमच्या प्रवर्गात ३० पदे असतील तर पहिले ३००. म्हणून २५ चे ध्येय ठेवून ग्राउंडला जाऊ नका. ४० च्या पुढे तयारी हवी, आणि हे गुण पुढे अंतिम यादीतही मोजले जातात: मैदानी ५० आणि लेखी १००, एकूण १५०.

लेखी परीक्षा कशी असते?

१०० गुण, ९० मिनिटे, बहुपर्यायी प्रश्न. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. पात्रतेला किमान ४० टक्के. एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. व्याकरण आणि सामान्य ज्ञान अर्ध्या मिनिटात उरकले तरच गणिताला वेळ उरतो. नफा-तोटा, शेकडेवारी, काळ-काम-वेग, सरासरी, घड्याळ, दिनदर्शिका आणि नातेसंबंध यांचा सराव घड्याळ लावून करा.

जुनी पुस्तके जपून वापरा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते आता १०३. फसवणुकीचे ४२० होते, ते ३१८. चोरीचे ३७९ होते, ते ३०३. बाजारातल्या कित्येक गाइडांत अजून जुनीच कलमे आहेत.

उत्तरपत्रिकेवर प्रश्नसंचाचा कोड आणि आसन क्रमांक आधी रंगवा. शेवटच्या दोन मिनिटांत गोल रंगवायला ठेवणारे एक ओळ चुकवतात आणि पुढची सगळी उत्तरे घसरतात.

चालक शिपायाची चाचणी वेगळी असते का?

हो. मैदानात १०० मीटर नसते. पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटरला ३० गुण, गोळ्याला २०. त्याशिवाय वाहन चालवण्याची ५० गुणांची कौशल्य चाचणी, २५ हलक्या वाहनाला आणि २५ जीपसारख्या वाहनाला. लेखीत वाहतुकीचे नियम येतात. हलक्या वाहनाचा परवाना आधीचाच हवा. घरच्या छोट्या गाडीवर हात बसलेले उमेदवार जीप मागे घेताना चुकतात, म्हणून जुन्या पद्धतीच्या गिअरची मोठी गाडी चालवून ठेवा.

माझ्यावर एक गुन्हा नोंद होता. लिहू की नको?

लिहा. चारित्र्य पडताळणीच्या साक्षांकन नमुन्यात अटक, गुन्हा, खटला, निर्दोष सुटका सगळे विचारलेले असते. खटला मिटला, तडजोड झाली, तेव्हा अल्पवयीन होतो, म्हणून ‘नाही’ लिहिणारे निवड झाल्यावर बाहेर पडतात, कारण माहिती दडवणे हेच नेमणूक रद्द करायला पुरेसे ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात यावर तत्त्वे घालून दिली: किरकोळ बाब दडवली गेली असेल तर नियोक्ता ती सोडून देऊ शकतो, गंभीर असेल तर नेमणूक नाकारू शकतो, आणि खरे सांगितले तरी पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार त्याला आहेच. गुन्ह्याची प्रत आणि न्यायालयाचा आदेश काढून ठेवा.

वैद्यकीय तपासणीत काय बघतात?

शासकीय रुग्णालयात नजर, रंग ओळखणे, कान, गुडघे, तळपाय, रक्त-लघवी वगैरे तपासतात. रंगांधळेपणा चष्म्याने जात नाही. दोन वर्षे मैदानावर घाम गाळण्याआधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडून रंगदृष्टी तपासून घ्या, थोड्याशा खर्चात मोठा मनस्ताप वाचतो.

अकॅडमी लावावीच लागते का? आणि ‘सेटिंग’ करून देतो म्हणणाऱ्यांचे काय?

ट्रॅक, घड्याळ, गोळा आणि सोबत पळणारे चार जण असतील तर अकॅडमीशिवाय होते. लावायचीच असेल तर फी भरण्याआधी सकाळच्या सरावाला जाऊन बघा: ट्रॅक मोजलेला आहे का, गोळा खरोखर ७.२६० चा आहे का, आजारी मुलाला पळवतात का.

दम वाढवणारे इंजेक्शन आणि गोळ्या कुणी देत असेल तर तिथून निघा. हृदय आणि मूत्रपिंड यांच्यावर त्याचा मार बसतो आणि धावताना कोसळलेली मुले पुन्हा उठलेली नाहीत. मैदानावर असे सापडल्यास गुन्हाही नोंदतात.

पैसे घेऊन भरती करून देणारा माणूस फसवतोच. चिप, कॅमेरे, बायोमेट्रिक आणि गुणांची जाहीर यादी यांमुळे त्याच्या हातात काहीच नसते. तो दहा जणांकडून पैसे घेतो, दोघे आपल्या बळावर लागतात, त्यांचे श्रेय तो खातो. जमीन गहाण टाकून असा पैसा देणारी कुटुंबे आजही आहेत, हे आम्हाला फार लागते. कोणी सरकारी कर्मचारी लाच मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा.

निवड झाल्यावर प्रशिक्षण कुठे होते?

मरोळ, खंडाळा, दौंडजवळचे नानवीज, तासगावजवळची तुरची, सोलापूर, जालना, अकोला, नागपूर, धुळे, लातूर अशा प्रशिक्षण केंद्रांत. कवायत, शस्त्र, शारीरिक कसरत आणि वर्गात नवे फौजदारी कायदे, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१. पगार सुरू असतो. निवडीनंतर सराव सोडून आठ किलो वजन वाढवून येणाऱ्यांचे पहिले सहा आठवडे फार वाईट जातात. जॉइनिंगपर्यंत हलके धावणे चालू ठेवा.

शहरात पहिली ड्युटी कोणती मिळते?

बहुधा पोलीस ठाणे नाही. मुंबईत नवा शिपाई सशस्त्र पोलीस दलात जातो: नायगाव, ताडदेव, वरळी, मरोळ, कोळे कल्याण. इतर शहरांत मुख्यालयात. गार्ड, कैदी पार्टी म्हणजे कैद्यांची ने-आण, बंदोबस्त ही कामे सुरुवातीला. गणपती विसर्जन, दादरचा ६ डिसेंबर, मोर्चे, सामने, मंत्र्यांचे दौरे, या दिवसांत सुट्टी मिळत नाही आणि बारा तासांची ड्युटी कुठवर ताणेल ते सांगता येत नाही. मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला होता, पण मनुष्यबळ अपुरे पडले की वेळ पुन्हा लांबते. पुढे ठाणे, वाहतूक शाखा, गुन्हे शाखा, नियंत्रण कक्ष अशा नेमणुका येतात.

पगार किती?

मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून, श्रेणी २१,७०० ते ६९,१००. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि इतर भत्ते. घरभाड्यात मुंबई आणि पुणे महानगरांचा वर्ग वरचा आहे, नागपूर, नाशिक, सोलापूर त्याखाली. शासकीय घर मिळाले की घरभाडे भत्ता बंद होतो. निवृत्ती ५८ व्या वर्षी.

शिपायाचा फौजदार होतो का?

होतो. शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक, उपनिरीक्षक असा पदोन्नतीचा क्रम आहे. मधली पोलीस नाईक ही पायरी २०२२ मध्ये काढली. पदोन्नती लांबली तरी आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळते. खात्यांतर्गत मर्यादित परीक्षा किंवा आयोगाची सरळसेवा या लवकरच्या वाटा. सरळसेवेतून गेलेले नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण घेतात.

दोन-चार वर्षांनी गावच्या जिल्ह्यात बदली मिळेल का?

आंतरजिल्हा बदलीचा अर्ज करता येतो, पण दोन्ही घटकांची संमती आणि तुमच्या प्रवर्गाची रिक्त जागा लागते, आणि नव्या घटकात ज्येष्ठतेच्या यादीत तुम्ही तळाला जाता. त्यावर भरवसा ठेवून शहर निवडू नका.

समान गुण असतील तर? वेटिंगला असेन तर?

समान गुण असल्यास आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पाल्याला आधी धरतात, मग वयाने मोठ्याला, मग जास्त शिकलेल्याला. प्रतीक्षा यादीत असाल तर निवड झालेल्यांची वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणी संपेपर्यंत मोबाइल क्रमांक बदलू नका आणि घटकाचे संकेतस्थळ आठवड्यातून एकदा तरी पाहा. एकाहून अधिक पदांवर निवड झालेले उमेदवार एक जागा सोडतात आणि यादी तिथून खाली सरकते. तेव्हा कागदपत्रांची फाइल तयार ठेवा, कारण हजर व्हायला दिलेली मुदत थोड्या दिवसांची असते.